तिसरा काटा

बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी आमच्या दाजींइतका हेकट माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खाली समुद्राकडच्या जंगलात अणुवीज कारखाना उभा राहत होता तेव्हापासून ते तिथे होते, आणि पुढे त्याच्या नियंत्रण कक्षात बसून काटे बघण्याचा पगार घेत होते. कारखाना पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसाबद्दल, "काटा हलला, त्यो म्या बघितला," असं ते इतक्या थाटात सांगत की, यांनी बघितलं नसतं तर बिचारा काटा हललाच नसता असं वाटावं. निवृत्त होऊन ते खटकचिंचोळीला परतले आणि गावाला अणू शिकवू लागले. आत अणू फुटतो, त्याची उष्णता एक पाणी घेतं, ते दुसरं पाणी उकळवतं, त्या वाफेनं चक्र फिरतं आणि वीज होते. शेवटी पाणीच उकळायचं तर त्यासाठी डोंगर कशाला फोडला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तेव्हा गावातली वीज गेलेली होती, हे वेगळं सांगायला नको.

तिथले सगळे नियम त्यांनी घरात आणले. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून उंबऱ्याच्या आत एक लाकडी बाक आडवा टाकला होता. पाहुण्यानं त्यावर बसायचं, चपला अलीकडे सोडायच्या, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि घरातल्या सपाता घालायच्या. धोतरवाल्या म्हाताऱ्यांचे हाल बघवत नसत. भिंतीवर घड्याळं तीन. कारखान्यात म्हणे महत्त्वाच्या मापाला तीन काटे असतात आणि त्यातले दोन जुळले की ते खरं धरायचं. त्यामुळे भालकीची बस गेली का, हेसुद्धा दाजी तिघांना विचारत, आणि तेवढ्यात बस जायची.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण भाचीचं, म्हणजे त्यांच्याच मुलीचं, लग्न जुळवतानाही त्यांनी हेच केलं. अणूच्या कारखान्यात जन्मलेल्या मुलीची लेकरं धड निपजत नाहीत, अशी आवई आमच्या भागात कुणी उठवली देव जाणे. तिची दोन स्थळं त्यापायी फिरली होती. पुढचं स्थळ मन्नाएखेळ्ळीचं, मी स्वतः आणलेलं. बाकावरून कसरत करत पाहुणे आत आले. मुलाच्या आजोबांनी पोरीचा जन्म कुठला ते विचारलं. मी ठरल्याप्रमाणे भालकी म्हणालो. बहीणही भालकी म्हणाली. दाजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "न्हाई. कारखान्याच्या कॉलनीतल्या दवाखान्यात."

पाहुणे चहा न घेता उठले.

मी भडकलो. दोन काटे जुळले होते ना, मग तुमच्याच नियमानं भालकी खरं, असं मी त्यांना सुनावलं. दाजी शांतपणे म्हणाले, "दोन काटे तुम्हीच हातानं वाकवायलाव. अशा वक्ताला तिसऱ्यानं खरं दावायचं न्हाई, तर त्यो बसवायचा कामून?" आत भाची रडत होती. त्या दिवसापासून मी तो बाक ओलांडला नाही.

पुढच्या वर्षी दाजी हृदयविकारानं गेले. गाव म्हणालं, अणूनं खाल्लं. त्यावरून मी मयतीतच दोघांशी भांडलो, आणि आपण कुणाची बाजू घेतोय याचं माझं मलाच नवल वाटलं.

वर्षश्राद्धानंतर उदगीरकडचं स्थळ आलं. बाक तिथंच होता, बहीण तो हलवू देत नव्हती; मीही तो ओलांडून आत बसलो. मुलाच्या आईनं तोच प्रश्न विचारला. भालकी अगदी माझ्या जिभेवर होतं. बहीण खाली मान घालून बसलेली, भाची दारात उभी. मी म्हणालो, "अणुवीज कारखान्याच्या कॉलनीत. हिचे वडील तिथं कामाला होते."

बहिणीनं मान वर केली. "व्हय, तिथंच," ती म्हणाली.

मुलाची आई थोडा वेळ भाचीकडे बघत राहिली, मग तिनं चहाचा कप उचलला. दोन काटे जुळले होते, आणि या वेळी कुणी वाकवलेले नव्हते. ते बघायला तो हेकट माणूस तिथं हवा होता.