पांढऱ्या रेघेची तार

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी इमारतीत त्याला सगळे लाइनमनच म्हणत. आणि त्याचं असं, की कुणी हाक मारली की उजवा हात आधी कमरेकडे जायचा, जिथं पूर्वी पक्कड लटकलेली असे. चौतीस वर्षं त्याने तारा जोडल्या. खांबावर चढून, रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून, लोकांच्या पलंगाखाली आडवं पडून. कुणाच्या सोफ्यामागे किती जळमटं आहेत हे त्याच्याइतकं शहरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याने बायको सोडून कुणाला कधी सांगितलं नाही.

त्याचं एक ठाम मत होतं. टेलिफोनला दोन तारा. त्यातली कुठलीही कुठल्याही टोकाला जोडा, फोन बोलतो. हाताखाली नवा माणूस आला की पहिला धडा हाच: "तारेला उलटसुलट नसतं. घट्ट आवळा आणि खाली उतरा."

एकदा नव्याने आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी यावर हरकत घेतली. लाइनमनने वाद घातला नाही. साहेबांच्याच टेबलावरच्या फोनच्या तारा त्यांच्यादेखत उलट्या केल्या, त्यांच्या घरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर हातात दिला. पलीकडे बाईसाहेब होत्या. पाच मिनिटांनी साहेबांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांचा कान लाल झालेला. "काय साहेब, आवाजात काही फरक?" लाइनमनने विचारलं. खात्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्याची बायको वाचनालयात ग्रंथपाल होती. तिचा जन्म रांगा लावण्यात गेला. शंभर पुस्तकांत एखादं पाठमोरं ठेवलेलं असलं तर ती दारातच थबकायची, जणू कुणी पदर ओढला. घरातसुद्धा कपांचे कान एकाच दिशेला. लाइनमन कप मुद्दाम उलटा ठेवायचा, ती काही न बोलता फिरवायची. चाळीस वर्षं त्यांचा हा खेळ चालला होता. वाचायचं मात्र तिला व्यसन. जेवताना पुस्तक, भाजी निवडताना पुस्तक. औषधाच्या बाटलीतला घडीचा कागदसुद्धा ती शेवटपर्यंत वाचणार. लाइनमनने आयुष्यात कुठल्याही वस्तूबरोबर आलेला कागद वाचला नव्हता.

तर अशा या बाईच्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला. डावा आधीच मोतीबिंदूने गढुळलेला. त्याला हातभर अंतरावरचं जेमतेम दिसे, छापील अक्षर तर नाहीच. म्हणजे वाचणारा डोळा तो उजवाच.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय. गवंड्याच्या लेव्हलमध्ये असतो ना, तसा तो कायम वर जाणार. बाईंनी चेहरा जमिनीकडे ठेवला तर तो मागच्या पडद्याला दाबून धरेल आणि पडदा चिकटेल. "सात दिवस मान खाली. जेवायला, बाथरूमला उठा, तेसुद्धा मान खालीच ठेवून. मान वर गेली की बुडबुडा सरकला. पडदा पुन्हा सुटला तर वाचण्याचं मला काही सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सात दिवस काय, मी महिनाभर पडेन. पण नुसतं पडून करू काय?"

लाइनमनने घरी तयारी केली. पलंगाच्या टोकाला, हातभर जागा सोडून, एक बाक लावला. सायकलच्या ट्यूबवर कापूस गुंडाळून कपाळ टेकायला चुंबळ केली. ती पालथी पडली की चेहरा त्या फटीत, आणि खाली दिसायची फक्त फरशी. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने सहा फरशांवरचे ठिपके मोजले आणि तीनदा मान वर केली. कधी "कोण आलं?" म्हणून, कधी उगीचच. प्रत्येक वेळी लाइनमन धावत यायचा.

"अगं, मान!"

"ओरडू नका. मुद्दाम नाही करत. रिकामी मान आपोआप उठते."

मोबाइलवर पुस्तक वाचून दाखवणारी सोय मुलीने करून दिली होती, पण मोबाइलचा आवाज डब्यातल्या माशीसारखा, आणि कानात घालायच्या बोंडांनी तिचा कान ठणकायचा. परगावी राहणाऱ्या मुलीला मग आठवलं. "बाबा, माळ्यावर माझे स्पीकर आहेत बघा, फळीवर ठेवायचे. खोक्यात कागद पण आहे, त्यात सगळं चित्रासकट दिलंय. नीट वाचून जोडा हं."

"तू मला तारा जोडायला शिकवतेस?"

"नाही हो बाबा. कागद वाचायला शिकवतेय."

माळ्यावरून दोन लाकडी पेट्या निघाल्या, वीतभर रुंद, हातभर उंच. लाइनमनने त्या सगळ्या बाजूंनी फिरवल्या. विजेची पिन कुठंच नाही. मागे नुसत्या तार आवळायच्या दोन फिरक्या, एक तांबडी, एक काळी. इमारतीत खालीच दुकान असलेला रेडिओवाला, त्याचा जुना दोस्त, वर आला आणि हसून हसून खोकला.

"अरे, पिन शोधतोस काय? यांना स्वतःची ताकद नसते. मागून अँप्लिफायरने ढकललं तरच बोलतात."

"म्हणजे तुझ्यासारखे. वहिनींनी ढकलल्याशिवाय दुकान उघडत नाहीस."

रेडिओवाल्याने दुकानातला एक छोटा अँप्लिफायर आणि जोडतार आणून दिली. "जोडून देऊ?" त्याने विचारलं. लाइनमनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा न घेताच खाली गेला.

खोक्यातला कागद लाइनमनने चौघडी करून डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातला. त्या स्टुलावर एक स्पीकर, दुसऱ्यावर दुसरा, तिच्या डोक्याच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर, तोंडं तिच्याकडे. अँप्लिफायर बाकाखाली फरशीवर, म्हणजे आवाजाचं बटण तिला हात खाली सोडून फिरवता येईल. काम देखणं केलं हं. तारेची टोकं सोलली, तांब्याचे केस पीळ देऊन एक केले, एकही केस शेजारच्या फिरकीला शिवू दिला नाही. तार रस्त्यात येऊ नये म्हणून भिंतीकडेने नेली. ती पालथी पडल्यापडल्या म्हणाली, "अहो, यात तांबडं-काळं काही बघायचं असतं का?"

"तारेला उलटसुलट नसतं," लाइनमन म्हणाला.

"बरं. तुमच्या कामात मी तोंड घालत नाही."

एका सर्कशीतल्या कुटुंबाची लांबलचक कादंबरी सुरू झाली. वाचणारी बाई चांगली होती. आवाज खोलीभर झाला. लाइनमन हात पुसत खुर्चीत बसला. दहा मिनिटं गेली असतील. बायकोने मान उचलली, डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"अगं!"

"ती बाई कुठं उभी आहे तेच कळेना. दोन्ही कानांत आहे, आणि कुठंच नाही. आणि सर्दी झाल्यासारखा पोकळ आवाज."

लाइनमनने एक स्पीकर सोडवून दुसरा ऐकला. खणखणीत. मग पहिला एकटा ऐकला. तोही खणखणीत. दोन्ही जोडले. पोकळ. त्याने जोड पुन्हा आवळले, स्टुलं जवळ आणली, लांब नेली. शेवटी म्हणाला, "दोन्ही ठीक आहेत. तुझ्या कानाला सवय नाही."

"असेल," ती म्हणाली. हा 'असेल' चाळीस वर्षांच्या ओळखीतला. त्याचा अर्थ त्याला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तेच. सर्कशीचा तंबू जळाला, तिची मान वर. उंच झोक्यावरची मुलगी घसरली, मान वर. माणसाचं असंच आहे, आवाज आला की तो कुठून आला हे बघायला मान वळते, तिथं कुणाचं काय चालणार. लाइनमनने पुस्तक बंद करून पाहिलं. मग ती फरशीला कंटाळून मान उचलायची. दुपारी तो तिच्या मानेवर हात ठेवूनच बसला.

"ही काय पोलीस चौकी झाली?" ती खालूनच म्हणाली.

"डोळा जाईल गं."

तिने हात मागे नेऊन त्याचा हात थोपटला. मग म्हणाली, "रेडिओवाल्याला बोलवा."

लाइनमन उठला. दारापर्यंत गेला. चपलेत एक पाय घातला. चौतीस वर्षांत त्याच्या जोडाला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. पण त्याने दुसरा पायही घातला, कडी काढली, आणि तेवढ्यात मागून ती म्हणाली, "जायच्या आधी एक सांगू? मला त्यातलं कळत नाही. पण मी काल संध्याकाळपासून या यंत्राच्या पाठीकडे बघतेय, दुसरं बघायला आहे काय इथं. तारेच्या एका अंगाला पांढरी रेघ आहे. डाव्या बाजूला रेघेची तार तांबड्या फिरकीत आहे. उजव्या बाजूला काळ्या. रांगेत एक पाठमोरं आहे. कालपासून मला ते टोचतंय."

लाइनमन चपलांसकट परत आला. आडवा पडून त्याने बाकाखाली डोकं घातलं. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर. मग उठून स्पीकरांच्या पाठी पाहिल्या: तिथं दोन्हीकडे रेघ तांबड्यातच.

"मग कालच का नाही बोललीस?"

"विचारलं होतं."

त्याने अँप्लिफायर बंद केला. उजवीकडच्या दोन तारा काढल्या, रेघेची तांबड्यात, बिनरेघेची काळ्यात, घट्ट आवळल्या. बटण फिरवलं. आणि वाचणारी बाई एकदम खोलीच्या मधोमध येऊन बसली, बरोबर बायकोच्या नाकासमोर, फरशीवर. आवाजाला पोट आलं. लाइनमन चुंबळीकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. मान हलली नाही. तंबू विझला, झोक्यावाली लंगडत घरी आली, सर्कस पुढच्या शहरी निघाली, तरी मान जागच्या जागी.

"अहो," ती म्हणाली, "चपला काढा. फरशी मी मोजून ठेवलीय."

तरीही तो खाली रेडिओवाल्याकडे गेलाच. असं का झालं, हे त्यालाच विचारायचं होतं. रेडिओवाल्याने दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरले. "आतला कागदी पडदा पुढेमागे होतो. दोघांनी एकदमच हवा ढकलायला हवी. तुझ्यात एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. हवा जागच्या जागी. टेलिफोनला एकच कान लागतो, म्हणून तुझं तिथं निभावलं."

लाइनमनने आपलेही दोन तळहात तसेच समोरासमोर धरून पाहिले. मग म्हणाला, "चहा सांग."

बाकीचे दिवस ती पडून राहिली. कादंबरी संपली, दुसरी संपली. आठव्या दिवशी डॉक्टरांनी उजेड टाकून डोळ्यात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चिकटलाय. बाई, फार शिस्तीने पडलात तुम्ही." तिने लाइनमनकडे पाहिलं. लाइनमनने छताकडे.

बुडबुडा विरायला दीड महिना गेला. मग एका सकाळी ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "वाचायला काहीतरी द्या. लहान अक्षराचं." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि स्टुलाच्या पायाखालचा तो चौघडी कागद काढून दिला. स्टूल डगमगलं. तिने घडी सरळ केली आणि उजव्या डोळ्याने, बोट न ठेवता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. मधे एकदाच थांबली.

"इथं चित्र आहे," ती म्हणाली. "तांबड्याला तांबडं."

"पुढं वाच," लाइनमन म्हणाला.

स्पीकर आता तिच्या पुस्तकांच्या फळीवर आहेत, रांगेच्या दोन टोकांना. त्यासाठी तिने चौदा पुस्तकं खाली हलवली, जे तिने मुलीच्या लग्नातही केलं नव्हतं. दोन्ही पेट्यांच्या पाठीला वाचनालयातल्यासारख्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, क्रमांकासकट. आणि चहाचे कप लाइनमन अजून उलटे ठेवतो, पण हल्ली तिने फिरवायच्या आत स्वतःच सरळ करतो.