आधी विचारा, मग उघडा

"आधी विचारा, मग उघडा." असं म्हणताना आमचे ऑफिसातले भाऊ माउसवरचा आपला हात चटका बसल्यासारखा उचलून मांडीवर ठेवायचे. ऑफिसात कोणालाही अनोळखी मेल आला की हे खुर्चीमागे हजर. "हात काढा. कोणाचा आहे? ओळखता? मग फोन करा त्याले."

मला तर अस्सा राग यायचा! मी हिशेबाला, ते शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर सांभाळायला. मार्चअखेर, बिलांचा ढीग, आणि हे मागे उभे. "भाऊ, मी काय चोराले दार उघडून राहिली का?" मी खेकसायची. "हव ताई, चोर ओळखीचंच तोंड घेऊन येते," म्हणायचे आणि माझ्या डब्यातली जवसाची चटणी उचलून चालते व्हायचे. अशा माणसाशी भांडणार तरी कसं, तुम्हीच सांगा.

आमचं ऑफिस रायपूरला, सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत. शेठजी तांदळाच्या गिरण्यांना सुटे भाग पुरवायचे. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, तसा धंदा वाढत गेला. शहराबाहेर नव्या रायपुरात दुसरं ऑफिस निघालं, सगळा कारभार मेलवर आला आणि मेलसोबत नाना तऱ्हेचे व्हायरसही आले. जुना अँटिव्हायरस पुरेना. शेठजी म्हणाले, "भैया, जो ठीक लगे ले आओ. बस, काम नहीं रुकना चाहिए."

तीन कंपन्यांची माणसं टाय लावून आली. भाऊंनी प्रत्येकाला आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग तिघांना एकच प्रश्न विचारला, "संशय आला तर तुमचं सॉफ्टवेअर काय करते? फेकते का ठेवते?" पहिल्या दोघांनी छाती फुगवून सांगितलं, फेकून देतं, तुम्हाला पत्ताही लागणार नाही! तिसरा म्हणाला, आमचं सॉफ्टवेअर आलेली फाईल आधी स्वतः एका बंद खोलीत उघडून बघतं, लबाडी दिसली तर अडवून ठेवतं आणि सोडायची का ते माणसाला विचारतं. भाऊंनी तेच घेतलं. अडवलेले मेल तपासायचं कामही स्वतःकडेच ठेवलं.

"कचरा सांभाळून काय करता भाऊ?" मी विचारलं.

"त्यात एखाद्याचा खरा निरोप असला तर, ताई?"

मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. आई शेवटी त्यांच्याकडे होती, इथे पुरानी बस्तीत. थोरला भाऊ नागपूरला, रेल्वेत. त्यांना हे दादा म्हणायचे. आई गेली तेव्हा दादांकडे फोन नव्हता. त्यांच्या शेजाऱ्याकडे फोनवर निरोप ठेवला, आणि तो सांगायला विसरला. मे महिन्याचं ऊन. मोहल्ल्यातले म्हातारे म्हणाले, आता ठेवता येत नाही. दादा आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "मले आईचं तोंड पाहू दिलं नाही," एवढंच बोलून ते उंबऱ्यावरूनच परत फिरले. त्यानंतर येणं नाही, जाणं नाही. भाऊंनी दिवाळीला फोन केले, राखीला बहिणीकडून निरोप धाडले, पण पलीकडून कधी शब्द आला नाही.

"एक दिवस करतील फोन," भाऊ म्हणाले. "मोठे आहेत, राग राहतेच."

सॉफ्टवेअर लावलं आणि दोन-तीन वर्षं कशी निर्धास्त गेली. रोज सकाळी भाऊ चहाचा कप घेऊन बसायचे आणि अडवलेल्या मेलांवर नजर फिरवायचे. लॉटरी, इनाम, खोटी बिलं. "हे पाहा, आज मले पुन्हा करोड रुपये लागले," म्हणून हसायचे.

एका सकाळी ते हसले नाहीत. मी मान वळवून पाहिलं. अडवलेल्या मेलांत एक मेल होता, दादांच्या नावाचा. वर लिहिलं होतं, शुभविवाह. खाली एक फाईल आणि सॉफ्टवेअरची लाल खूण.

"पुतणीचं लग्न दिसते," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता.

"अहो, लाल खूण आहे ना! फोन करून विचारा आधी," मी म्हटलं. त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवायची संधी मी कशाला सोडते!

"काहून विचारू ताई? इतक्या वर्षांनी मोठ्या भावानं पत्रिका धाडली, अन् मी विचारू, दादा, खरी आहे का? काय वाटंल त्यायले?"

आणि त्यांनी फाईल सोडली, उघडली. आत काहीच दिसलं नाही. "फाईल खराब झाली असंल. पण बोलावलं तर आहे," म्हणाले. दुपारच्या सुट्टीत गोल बाजारात जाऊन पुतणीसाठी साडी घेऊन आले. डाळिंबी रंगाची, जरीची. मला पदर उलगडून दाखवला. "आवडंल का हो तिले? लहान होती तवा माह्या पाठीवर बसून फिरे."

संध्याकाळपर्यंत दोन्ही ऑफिसांतले कॉम्प्युटर कुलूप लागल्यासारखे बंद पडले. एक बिल निघेना. शेठजी आले, "किसने खोला?" भाऊ उभे राहिले. "मैंने." शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊंनी राखून ठेवलेल्या प्रतींवरून सगळं पुन्हा उभं केलं. काम पुरं झाल्यावर, माझ्यासमोरच, नागपूरला फोन लावला. दादांनी उचलला.

"दादा, मी बोलून राहिलो. तुह्या नावानं कोणीतरी खोटे मेल धाडून राहिलं. पासवर्ड बदल." मग विचारलं, "लग्न कधी आहे रे पोरीचं?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण भाऊंचा चेहरा मी पाहिला, आणि देवा, तो मला दिसायला नको होता.

"मागच्या उन्हाळ्यातच झालं का? हव. चांगलं झालं." आवाज त्यांनी कसाबसा सावरला. "ऐक दादा, आता असं काही आलं तर उघडू नको. आधी विचार, मग उघड. मले फोन कर. कधीबी कर."

फोन ठेवून ते म्हणाले, "कॉम्प्युटरचं काय, ताई, ते सुधरते." साडी टेबलाच्या खणात वायरींच्या गुंडाळ्यांखाली गेली. त्यानंतर ते वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मला ते ऐकायची सवय झाली होती, चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना ती साडी त्यांनी पिशवीत घातली, घडीसकट.

निवृत्तीनंतर पुढच्याच हिवाळ्यात भाऊ गेले. झोपेतच. मी सकाळी पुरानी बस्तीत पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि वहिनी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. बहिणीच्या मुलाने आपल्या मोबाइलवरून नातेवाइकांना भाऊंच्या फोटोसह निरोप धाडले होते. म्हातारी मंडळी तिरडीची घाई करत होती.

भिंतीतल्या देवळीत ठेवलेला भाऊंचा फोन वाजला. वहिनींनी पाहिलं आणि फोन माझ्यापुढे केला. "ताई, तुम्हीच घ्या."

पडद्यावर नाव होतं, दादा.

मी कानाला लावला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आतच तिकडून म्हातारा आवाज आला, "अरे, मी बोलून राहिलो. मले एका अनोळखी नंबरवरून काहीतरी आलं. वर तुहं नाव आहे. तू म्हणला होता ना, आधी विचार, मग उघड? म्हणून विचारून राहिलो. खोटंच आहे ना रे?"

मला रडू आवरेना. "दादा, मी त्यांच्या ऑफिसातली," मी म्हटलं. "खरं आहे."

मग दादांनी विचारलं, "मी पोचू शकतो का?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या, "कोणी हात लावू नका. दादा येऊन राहिले."

नागपूरची गाडी संध्याकाळी आली. तोवर आम्ही भाऊंचं तोंड पांघरुणाबाहेर उघडंच ठेवलं होतं.