अक्काच्या खाटेवरची वायपर मोटर

गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार स्क्रू उरतातच, आणि गाडी तरी चालते. किस्स्यांचं तसंच. धुळ्यात पारोळा रोडला नानांच्या ऑटो-इलेक्ट्रिक गॅरेजात मी कामाला होतो. तिथले पुष्कळ उरलेत माझ्याकडे. हसण्यासारखे म्हणून सांगायला घेतो, पण नीट हसू येत नाही.

नाना म्हणजे मालक. गिऱ्हाइकाला त्यांनी कधी खोटा फॉल्ट सांगितला नाही. वायर सुटली असेल तर सुटली म्हणायचे, पार्ट गेला म्हणून बिल लावायचे नाहीत. आमचा धंदा त्यामुळेच बसला होता!

✻

अक्काला, नानांच्या बायकोला, लकवा झाला. डावं अंग गेलं. वैशाखात दुपारभर लाइट नसायची आणि ती घामात पडून असायची. नानांनी भंगार बाजारातून चेपलेल्या टॅक्सीची वायपर मोटर आणि स्विच आणला. खाटेवर फडक्याची झालर टांगायची, बॅटरीवर मोटर लावून ती हलवायची, असा बेत.

अक्कानं पहिलं विचारलं, "त्या गाडीमा कोन मरनं व्हतं?"

"कोनीच नही," नाना म्हणाले. गाडीचा ड्रायव्हर जागीच गेल्याचं भंगारवाल्यानं माझ्यासमोरच सांगितलं होतं.

✻

गॅरेजच्या लोखंडी टेबलावर मोटर गरगर फिरायची, घरी खाटेवर बसवली की ढिम्म. नानांनी ब्रश घासले, स्विच उघडून साफ केला, बॅटरी बदलली. शेवटी स्वतःच कपाळावर हात मारला. गाडीत एकच वायर ओढतात, करंट परत जातो तो पत्र्यातून. नानांनी सवयीनं खाटेलाही एकच वायर ओढली होती.

"हाई बठ्ठं लाकूड शे रे," ते म्हणाले. सगळी खाट लाकडाची, करंट परत जाणार कुठून? जन्म गाड्यांत गेला की असं होतं.

✻

दुसरी वायर जोडली आणि वारा आला. पण स्विच बंद केला की झालर मिळेल तिथे थांबायची. एकदा नेमकी अक्काच्या तोंडावर थांबली. उजव्या हातातही ती बाजूला सारायचं बळ उरलं नव्हतं. नानांनी धावत येऊन ती उचलली.

"मी आजून जित्ती शे ना?" अक्का म्हणाली.

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. वायपर मोटरला आणखी एक वायर असते. बटण बंद केलं तरी तिच्यामुळे वायपर काचेवर मधेच अडकत नाही, उरलेला फेरा पुरा करून कडेला जाऊन थांबतो. नानांनी ती बिनकामाची म्हणून कापली होती. ती जोडली. मग झालर बंद केल्यावरही हलत जाऊन भिंतीपाशी थांबायला लागली.

✻

इंजेक्शन द्यायला आलेला कंपाउंडर वायपरची मोटर ओळखून म्हणाला, घरात पाऊस पडतो की काय? अक्का अर्ध्या तोंडानं हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

✻

अक्का दुपारीच गेली. माणसं जमली, झालर हलतच होती. जळगावहून आलेला तिचा भाऊ उठला आणि त्यानं बटण दाबलं. झालर लगेच थांबेना, भिंतीकडे जात राहिली. त्यानं पुन्हा दाबलं, तशी ती नव्यानं चालू झाली. असं दोन-तीनदा झालं.

नाना भिंतीशी बसून बघत होते. मी सांगायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"स्विच बिघडी गया का, नाना?" भावानं विचारलं.

"हां, बिघडी गया," नाना म्हणाले. "राहू दे चालू."