समोरच्या घरातला निळा ठिपका

संशय घेण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या नारायण पेठेत सापडायचा नाही. आंब्याची पेटी घेतली की ते खालच्या थरातला आंबा आधी काढून हुंगतात. रिक्षात बसले की मीटरवरची नजर हटवत नाहीत. कुणी "सहज आलो होतो" म्हणालं, तर तो उठून जाईपर्यंत त्यांना चैन पडत नाही. "पुण्यात सहज कोणी येत नसतं," हे त्यांचं ठाम मत.

नागपूरच्या लेकीने बाबा कुठे आहेत ते आपल्याला दिसावं अशी सोय त्यांच्या फोनवर केली, आणि मामांच्या संशयाला आभाळच मोकळं मिळालं. घरात बसून नकाशा उघडावा, तर निळा ठिपका गल्लीपलीकडे, समोरच्यांच्या स्वयंपाकघरात! हे समोरचे म्हणजे एके काळी रोज संध्याकाळी मामांशी बुद्धिबळ खेळणारे गृहस्थ. पुढे गल्लीतल्या सावलीत स्कूटर कोणाची लागणार यावरून बोलणं तुटलं, ते कित्येक वर्षं तुटलेलंच.

"ह्याने वरच्यांना काहीतरी चारलंय," मामा म्हणाले.

"अहो मामा, उपग्रहाला आपण दिसतसुद्धा नाही. तो नुसता स्वतःची वेळ सांगत फिरतो. ती फोनपर्यंत यायला किती उशीर झाला, त्यावरून फोन अंतर काढतो. चौघांची अंतरं जुळवली की आपण कुठे ते कळतं."

"तिघांत भागत नाही?"

"फोनचं स्वतःचं घड्याळ भरवशाचं नसतं. म्हणून चौथा."

यंत्र स्वतःवरही संशय घेतं, हे ऐकून मामांना त्याच्याविषयी प्रथमच आदर वाटला. "मग मला ह्याच्या घरात का बसवतं?"

"तुमच्या घराच्या मागच्या बाजूच्या उपग्रहांचा संदेश थेट पोचत नाही. समोरच्या भिंतीवर आपटून येतो. उशीर झाला की अंतर वाढतं, आणि ठिपका पुढे समोरच्या घरात सरकतो."

"भिंत त्याचीच ना? मग मी काय म्हणत होतो!"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, रोज संध्याकाळी काकांकडे दिसता! बोलायला लागलात? फार बरं वाटलं मला." मामा नुसतं "हं" म्हणाले. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की फोन गॅलरीच्या कठड्यावर, ठिपका नेमका समोर जाईल अशा जागी. "रेंज चांगली मिळते," असं मला सांगायचे. माझा मात्र संशय बळावत गेला.

यंदा समोरची इमारत पुनर्विकासाला गेली. समोरचे मुलाकडे लांब धायरीला राहायला गेले आणि भिंत पाडली गेली. परवा गेलो तर मामा गॅलरीत फोन वर-खाली करत उभे होते. ठिपका अगदी त्यांच्याच घरावर होता.

"सुधारला की!" मी म्हणालो.

"कसला सुधारतोय! माझा विश्वास उडाला ह्याच्यावरचा." समोरच्या मोकळ्या आभाळाकडे पाठ करून त्यांनी फोन खिशात टाकला. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, धायरीला कुणी सहज गेलं, तर त्याला संशय येईल का हो?"

मी त्यांच्याकडे स्कूटरची किल्ली मागितली.