पेनल्टीच्या ठिपक्यावरचा खड्डा

मैदानाच्या माळीमामांनी बावीस वर्षं त्या गवताचे लाड पुरवले. "माझ्या गुडघ्यांची कधी एवढी विचारपूस केली नाहीत," असं मामी म्हणायच्या.

फुटबॉलची फायनल जादा वेळेतही बरोबरीत राहिली आणि दोन्ही संघांच्या पाच-पाच पेनल्टी किक सुरू झाल्या. नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली, म्हणून दर फेरीत आधी ते मारणार. ठिपका मात्र एकच. प्रत्येक खेळाडूने पाय रोवला की माती उखडत होती. म्हणजे शेवटच्याच्या वाट्याला नऊ जणांनी उकरलेला खड्डा! मामा कडेला मातीची बादली घेऊन नुसते तळमळत होते.

"साहेब, दोन मुठी माती टाकून येऊ?" त्यांनी कडेच्या पंचांना विचारलं.

"निकाल लागेपर्यंत आत जायचं नाही, मामा. नियम सगळ्यांना सारखा."

"नियम सारखा हो, पण जमीन कुठे सारखी राहिलीय?"

दहाव्या, म्हणजे घरच्या संघाच्या शेवटच्या किकला खेळाडूचा पाय त्याच खड्ड्यात सटकला आणि चेंडू गोलवरून गेला. सामना गेला.

"जा मामा, आता टाका माती."

मामा ठिपक्यापाशी बसले. शेजारी तो खेळाडू तोंड झाकून पडला होता. खड्डा बुजायला दोन मुठीही लागल्या नाहीत. एकच पुरली.