हॉट डॉगवरचा तक्कू

सिंगापुरात उन्हाळा संपतच नाही, त्यामुळे तो कधी सुरू झाला हेही कळत नाही. मी तो कैरीवरून ओळखते. इथल्या सुपरमार्केटात थाई हिरवा आंबा बाराही महिने मिळतो, पण तो नुसता करकरीत असतो. दात आंबवणारी आपली कैरी लिटल इंडियातल्या भाजीच्या दुकानांत जेमतेम काही आठवडे दिसते. त्याच सुमारास हापूसच्या पेट्या येतात, हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीच्या, बाहेर लाल केसाळ रंबुटान फळांच्या जुड्या लटकतात आणि फणसासारख्या काटेरी ड्युरियनच्या उग्र वासाने आमची लिफ्ट भरून जाते. मग शाळांना जूनची सुट्टी लागते आणि बुकित बातोक भागातल्या आमच्या कॉन्डोतली, म्हणजे सोसायटीतली, मराठी मंडळी आवारातला बार्बेक्यू पिट बुक करतात. मुलांच्या हट्टापायी बेत ठरलेला, हॉट डॉग.

त्या वर्षी आम्ही नवीन होतो. नवरा, मी आणि आठ वर्षांची लेक. ग्रुपवर यादी फिरली, कोणी बन लिहिले, कोणी चिकन सॉसेज, कोणी कोळसा. मी कैरीचा तक्कू लिहिला. आमच्या अकोल्याकडे उन्हाळ्यात तक्कूशिवाय ताट पुढे येत नाही. किसलेली कैरी, गूळ, लाल तिखट, वरून मोहरी-मेथीची गार केलेली फोडणी. गरम सॉसेजवर तो घातला की केचपची आठवणही राहत नाही. हा शोध माझ्या लेकीचा. ती तक्कू पोळीशी खायची, भाताशी खायची, नुसता चमच्यानेही खायची.

बरणी दहा मिनिटांत अर्धी झाली. ग्रुपच्या कर्त्याधर्त्या बाईंना सगळे ताईच म्हणतात. त्या हातात हॉट डॉग घेऊन, खात खातच माझ्याकडे आल्या.

"अगं, हे तू केलंस? काय चव आहे! गाव कुठलं तुझं?"

मी सांगितलं.

"आणि गणपती किती दिवसांचा तुमच्याकडे? दीड की पाच?"

"आमच्याकडे गणपती नसतो, ताई. आम्ही बौद्ध."

"हो का," त्या म्हणाल्या. "छान, छान."

तेवढंच. आवाजही चढला नाही. त्या पिटपाशी गेल्या, उरलेला हॉट डॉग टिश्यूत गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग केचपची नवी बाटली फोडून टेबलावर मध्यभागी ठेवली आणि माझी बरणी उचलून टेबलाखाली, कोळशाच्या पिशवीशेजारी ठेवली. ज्या बाईने तासाभरात तीन चिकन सॉसेज रिचवले होते, तिला माझी कैरी चालेना.

मी काही बोलले नाही. याचा राग मला ताईंपेक्षा स्वतःचा जास्त आला आणि अजून येतो. बंगलोरला, पुण्याला असले प्रश्न ऐकलेत, उत्तरं तोंडावर फेकलीत. इथे समुद्र ओलांडून आल्यावर मी बेसावध होते.

पण लेकीने पाहिलं होतं. घरी जाताना लिफ्टमध्ये तिने शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, आंटी थ्रो अवे लाह. केस होता का त्यात?"

"नाही गं."

"देन व्हाय? डर्टी होतं?"

आठ वर्षांच्या मुलीला काय सांगणार? मी म्हटलं, आंटींना तिखट लागलं असेल. तिला ते पटलं नाही, कारण आंटींनी आधी वाहवा केलेली तिने ऐकली होती. त्या दिवसापासून तिने तक्कू सोडला. मग डब्यात पोळीभाजी नको झाली, ब्रेड-बटर दे म्हणाली. माझ्या हाताला काहीतरी लागलेलं असावं असा संशय माझ्याच पोरीला आला होता. हे मी त्या बाईला माफ करणार नव्हते.

वर्षभर मी सूड घोळवत बसले. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसपर्यंतच्या लांबलचक मेट्रो प्रवासात ग्रुपवर टाकायचे मेसेज लिहायचे आणि उतरायच्या आधी पुसून टाकायचे. ताई लिफ्टकडे येताना दिसल्या की दार बंद करायचं बटण दाबायचे. एकदा त्यांच्या हातात दोन जड पिशव्या होत्या, तेव्हाही दाबलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणायचा, "सोडून दे, असल्या माणसांच्या नादी कशाला लागतेस?" तो शांत माणूस आहे. मी नाही.

पुढच्या जूनला यादी फिरली तेव्हा मी लिहिलं, कैरीचा तक्कू. त्याखाली लिहिलं, वाढपही माझ्याकडे.

तक्कू जीव ओतून केला. कैऱ्यांसाठी तीन दुकानं पालथी घातली. मोठ्या काचेच्या बरणीत भरून तो टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवला आणि मागे मी उभी राहिले. लेक शेजारी बन कापून देत होती.

त्या दिवशी पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं. ताई त्यांना सगळ्यांसमोर सांगत होत्या, "इथे आपण सगळे एक कुटुंब हं. भेदभाव वगैरे सगळं तिकडे सोडून आलोय."

मी बनमध्ये सॉसेज ठेवला, वर दोन चमचे तक्कू घातला आणि प्लेट त्यांच्यापुढे धरली.

"ताई, घ्या ना. माझ्या हातचा आहे. मागच्या वर्षी तुमचा अर्धाच राहिला."

ताईंचा हात पुढे येता येता थांबला. नवं जोडपं हसतमुखाने बघत होतं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला प्रेमाने केलेला आग्रह चारचौघांत मोडता येत नाही, आणि ताईंइतकं हे कोणाला ठाऊक? हळदीकुंकवाला त्याच तर सगळ्यांना पोट फुटेस्तोवर वाढतात. त्यांनी प्लेट घेतली. एक घास घेतला. मी तो घशाखाली उतरेपर्यंत बघत राहिले.

"छान झालाय," त्या म्हणाल्या.

"मग अजून घ्या," म्हणत मी आणखी एक चमचा घातला.

"अगं, पुरे, पुरे."

"असं कसं? कुटुंबात पुरे म्हणतात का?"

नवी बाई कौतुकाने म्हणाली, "घ्या हो ताई, किती प्रेमाने वाढतायत." ताईंनी घेतला. कचऱ्याचा डबा त्यांच्यापासून चार पावलांवर होता, त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरा घास घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

माझ्या शेजारचा सुरीचा आवाज थांबला होता. लेक ताईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्यांनी शेवटचा तुकडा संपवला तशी तिने बरणीतला चमचा उचलला, भरून तोंडात घातला आणि डोळे मिटून चावला. एक वर्षाने.

मला तेवढं पुरलं असतं. पण तिने दुसरा चमचा घेतला, दोन्ही हातांनी ती जड बरणी छातीशी धरली आणि ताईंच्या पुढे जाऊन उभी राहिली. घरी दहा वाक्यांतली आठ इंग्रजीत बोलणारी माझी लेक स्वच्छ मराठीत म्हणाली, "आंटी, अजून थोडा घ्या ना. माझ्या आईने केलाय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लेकीला परत बोलावलं नाही.