दाजींच्या जीपचा दुसरा ड्रायव्हर

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या कचेरीत अर्जांवर शिक्के मारत बसलो होतो. अक्काचा आवाज अगदी सपाट होता. "बाळू, दाजी गेले. सकाळी च्या घेतला, आन् खुर्चीतच…" यावर शहाण्या भावानं काय विचारावं? कसं झालं, तू कशी आहेस, जवळ कोण आहे. मी विचारलं, "गाडीची बॅटरी चार्ज हाय का?" मग अक्का म्हणाली, "तू ये आधी." आज सहा आठवडे होत आले, त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही. पण माझी बाजूही जरा ऐकून घ्या. दाजींना शेवटी त्यांच्याच जीपमधून न्यायचं आणि ती जीप मी चालवायची, हे बारा वर्षांपूर्वी ठरलेलं होतं. दाजींनी स्वतः ठरवलेलं, चार माणसांसमोर. आयुष्यात मला मिळालेलं हे एकच पद, जे बदलीनंही जाणार नव्हतं आणि निवृत्तीनंही. तर असा हा ड्रायव्हर पांढरा शर्ट पिशवीत कोंबून एसटीनं धारूरला निघाला, आणि तेलगाव सोडून घाट लागल्यावर त्याचा डावा पाय रिकाम्या जागेत आपोआप क्लच दाबू लागला.

उत्तमदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे मला दाढी करायला, सही करायला आणि माणसात बोलायला त्यांनीच शिकवलं. गाडी चालवायलाही शिकवलं, पण तिथं त्यांना यश आलं नाही. घाट संपतो तिथं डाव्या अंगाला त्यांचं गॅरेज. चढून आलेले ट्रक वाफा सोडत त्यांच्या दारात थांबायचे आणि दाजी ड्रायव्हरशी बोलायच्या आधी इंजिनाशी बोलायचे. त्यांची स्वतःची जीप सरकारी लिलावात भंगार म्हणून आलेली. बॉडी एकीची, इंजिन दुसरीचं आणि हॉर्न कुठल्याशा ट्रकचा. वीस वर्षं ते तिला जोडत होते. अक्का म्हणायची, "आमच्या घरात दोन बायका हायत. एकीला भाकर चालती, दुसरीला डिझेलच लागतं."

शेवटच्या गाडीचा विषय निघाला तो गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींच्या अंत्ययात्रेत. आणलेली शववाहिनी भर चौकात बंद पडली. सगळी गर्दी वळून दाजींकडं बघायला लागली. दाजींनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं, डिझेलचा फिल्टर काढून फुंकला आणि काळ्या हातांनीच गुरुजींना फुलं वाहिली. त्या रविवारी गॅरेजवर नेहमीची मंडळी जमली तेव्हा ते म्हणाले, "मला असल्या गाडीत घालायचं न्हाई. ती वाटंत बंद पडली तर खाली कोन उतरंल? मीच ना?" मग तिथंच, चहा येईपर्यंत, ज्यानं त्यानं आपापली गाडी निवडली. एसटीतून निवृत्त झालेले काशिनाथ म्हणाले, "मला येस्टीतच न्या. खिडकीजवळ." टेम्पोवाला दगडू म्हणाला, "माझा टेम्पो हाय की. फक्त येताना रिकामा आणू नका, भाडं बघा." माझ्याकडं स्कूटर. मी काय निवडणार? काशिनाथ म्हणाले, "तुला मधी बसवून नेऊ बे." दाजी हसले नाहीत. ते जीपच्या मागच्या भागाला टेप लावत होते. त्यांची उंची पाच फूट दहा इंच, जीप कमी पडत होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी सरकती लोखंडी फ्रेम बनवली, वर कापडी टपापासून खाली मागच्या फाळक्यापर्यंत सगळं बेतून. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मेव्हणं, शेवटचं स्टेअरिंग तुमच्या हातात." मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, अजून विचार करा."

ठरलं म्हणजे तालीम आली. दाजींचं म्हणणं, बसून राहिलं की इंजिन बिघडतं, ड्रायव्हरचंही तेच. त्यामुळे मी धारूरला गेलो की एक फेरी ठरलेली. अक्कानं माझ्या कमी उंचीसाठी एक जाड गादी शिवली होती, ती ड्रायव्हरच्या सीटवर. मागं फ्रेमवर दाजी, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून, डोळे मिटून. गॅरेजपासून गावाखालच्या स्मशानापर्यंत मी चालवायचं आणि मयतानं सूचना द्यायच्या. "मेव्हणं, क्लच हाय तो, पायपुसणं न्हाई." "खड्डा चुकवला न्हाई तर मी पुन्ना जित्ता व्हईन." "आता तिसरा टाका. मला घाई न्हाई, पर इंजनाचा जीव चाललाय."

स्मशानाची शेवटची पन्नासेक पावलं उताराची. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि खाली गाडी वळवायला जागा नाही. म्हणून वरच गाडी फिरवून, उलटी, मागं मागं न्यावी लागते. तिथं माझं सगळं शिक्षण संपायचं. स्टेअरिंग इकडं फिरवलं की गाडी तिकडं, आणि तिकडं फिरवलं की ओढ्यात. मग मागून आवाज यायचा, "सरका, पावणं." दाजी चादर बाजूला टाकून उठायचे, पुढं येऊन बसायचे, एका हातानं, बाहेर मान काढून, एका दमात गाडी खाली न्यायचे. ब्रेक लावायचे. परत मागं जाऊन फ्रेमवर आडवे व्हायचे, चादर ओढायचे आणि म्हणायचे, "हं. उतरवा आता." पहिल्या वेळी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं मयत उठून बसलेलं पाहिलं आणि ती धुणं तिथंच टाकून पळाली. अक्कानं ते वाळवून, घड्या घालून तिच्या घरी पोचवलं.

आता मी आमच्या खानदानाचा गोष्टी सांगणारा. लग्न असो की बारसं, पंगती उठल्या की कुणीतरी म्हणणारच, "बाळूमामा, दाजींच्या मयताची गोष्ट सांगा." बारा वर्षं मी ती सांगितली. दर वर्षी थोडी वाढवत गेलो, धुणंवालीची चालही करून दाखवायला लागलो. मयत उठून ड्रायव्हरला बाजूला सारतं आणि स्वतःच गाडी मागं घेतं, इथं मांडव हसून लोळायचा. दाजी समोर बसून डोळ्यांतलं पाणी पुसायचे. त्यांचा दुसरा आवडता विषय सिरसाळ्याचे रशीदभाई मेकॅनिक. कधी काळी एका इंजिनावरून दोघांचं बिनसलं होतं. "रशीदला गाडीतलं काय कळतंय? ढेकूळ हाय नुस्तं," असं दाजी मला न चुकता सांगायचे आणि मीही मान हलवायचो. मी मनात धरूनच चाललो होतो, की दाजींच्या जगात मी आत आणि रशीदभाई बाहेर.

…तर त्या दिवशी मी पोचलो तेव्हा जीप दारात धुऊन उभी होती. टपाला पांढरी फुलं. आत आंघोळ घालून दाजींना निजवलेलं. मी पाया पडलो, रडलो, आणि मग जे माझं काम होतं त्याला लागलो. पांढरा शर्ट चढवून ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. सीटवर माझी गादी नव्हती. वाटलं, घाईत राहिली असेल. आरशात पाहिलं तर रस्ता दिसेना, नुसता टप. दाजींहूनही उंच अशा कुणीतरी तो आरसा आपल्या डोळ्यांना लावून घेतला होता, आणि तोही आज नव्हे, माझी गेली फेरी झाल्यावर कधीतरी, कारण त्याचा स्क्रू त्याच जागी गंजला होता. मी त्या आरशाकडं बघत होतो तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अक्का आली. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. दारावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाळू, खाली उतर. रशीदभाई आलेत."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "बसू दे की त्यांना मागं."

"त्ये चालवनार हायत. दाजींनी सांगून ठिवलंय."

चार पायऱ्यांचा जिना उतरायला वेळ लागत नाही, जीपचं तर एकच पायदान. पण ते उतरायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळ्या भावकीचं बघून झालं. काशिनाथ खाली बघत होते. दगडूही. त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं. रशीदभाई, साठीचा उंच माणूस, माझ्याकडं न बघता बसले. त्यांना आरसा हलवावा लागला नाही.

मी मागं, दाजींच्या डोक्याशी बसलो. वाटेत एकही धक्का बसला नाही, एकदाही गिअर कुरकुरला नाही. उतारावर रशीदभाईंनी मान बाहेर काढली आणि गाडी एका दमात खाली नेली. खाली भन्तेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. माझे ओठ हलत होते, पण मनात दुसरंच चाललं होतं. दाजी, सांगायचं तरी… मी काय ऐकलं नसतं?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. सगळ्यांना वाटलं, आता ती गोष्ट येणार, जरा हलकं वाटेल. मी माईक धरून उभा राहिलो आणि पुन्हा खाली बसलो. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात अक्काला गाठलं. पातेली आवरत होती.

"कावून असं केलं त्यांनी?"

तिनं हातातलं पातेलं ठेवलं. "तू ती गोष्ट सांगतूस ना मांडवात. तिच्यात शेवटाला गाडी कोन मागं घेतंय?"

"दाजी."

"मंग?"

बारा वर्षं, किती मांडवांत, किती लोकांसमोर, मीच सांगत आलो होतो की या ड्रायव्हरला शेवटची पन्नास पावलं जमत नाहीत आणि ती मयतालाच न्यावी लागतात. माझ्याशिवाय सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगनार व्हते. दरसाली म्हनायचे, औंदा बाळूला सांगतो. मग तू यायचास, गादी घिऊन बसायचास… आन् त्यांचं तोंडच उघडायचं न्हाई. तुला सांगू नका म्हनून मला शपथ घातली. काशिनाथभावजींनाबी."

हे ऐकून राग जायला हवा होता. नाही गेला. उलट वाढला. पाठ फिरल्यावर माझ्यावर दया करत होते म्हणजे. पुढच्या आठवड्यात मी एसटी धरून सिरसाळ्याला गेलो. भांडायलाच गेलतो, खोटं कशाला सांगू. रशीदभाई एका ट्रॅक्टरखाली होते. बाहेर आले, हात पुसले, चहा सांगितला. मी विचारलं, "कधीपासून?"

"चार साल झाले भाऊ. एक दिवस येऊन उभे राहिले. म्हणाले, रशीद, तुझं-माझं भांडण ऱ्हाऊ दे, तुला रिव्हर्स येतो."

"तालीम व्हायची?"

"महिन्याला एक. तुमी बीडला असायचे तवा."

महिन्याला एक. माझ्या वाट्याला वर्षाला दोन-तीन. मी विचारलं, "आन् तुमाला काय काय म्हणायचे? क्लच, खड्डे?"

रशीदभाई ग्लासात बघत राहिले. "काय न्हाई म्हणायचे. झोपायचे. गाडी हलली की घोरायला लागायचे. खाली पोचल्यावर मीच उठवायचो." मग म्हणाले, "मला वाटायचं, बोलतील कधी. तुमच्याशी लई बोलायचे म्हणे."

या बोलण्यानं माझं समाधान व्हावं असं त्यांना वाटत असेल. परतीच्या एसटीत मला एवढंच दिसत होतं, की दाजी माझ्या गाडीत एकदाही झोपले नव्हते.

परवा धारूरला गेलो होतो. जीप शेडमध्येच आहे, फ्रेमही अजून आतच. अक्का ती काढू देत नाही. चालवायला मी बसलो नाही, बसणारही नाही. पण मागून आत चढलो आणि कुणी बघत नाही असं पाहून फ्रेमवर आडवा झालो. दाजींना तिथून काय दिसत असेल ते बघावं म्हणून. शिवण उसवलेला टप दिसतो आणि ड्रायव्हरची मान जिथं येते ती जागा. उजवा हात मी सहज खाली सोडला तर बोटांना गार लोखंड लागलं. फ्रेमच्या कडेखाली, आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी एक कडी वेल्ड केलेली होती. मुठीत बसेल एवढी. बाकी सगळ्या फ्रेमचा काळा रंग जसाच्या तसा आहे. कडीचा मात्र पार उडालाय, आतलं लोखंड हाताळून गुळगुळीत झालंय. झोपलेल्या माणसाला कडी लागत नाही, म्हणजे ती झिजली ती माझ्याच फेऱ्यांत.

अक्कानं दारातून विचारलं, "बाळू, च्या टाकू का?"

मी म्हटलं, "टाक." आणि कडी सोडली नाही.